नांगरलेल्या होड्या आणि ओला कागद : वाचकांची पत्रं

या वेळी आलेली बहुतेक पत्रं किनाऱ्यावरची आहेत. वर्सोवा, रत्नागिरी, सावंतवाडी, मुरूड. सगळ्यांना उत्तरं देणं जागेअभावी शक्य नाही. चार पत्रं घेतली आहेत, आणि पहिल्याला सगळ्यात जास्त जागा दिली आहे, कारण तो प्रश्न गेली तीस-पस्तीस वर्षं माझ्या वर्गातल्या मुलांनीही मला विचारला आहे.

ताई, मी वर्सोवा कोळीवाड्यातला. वय २१. उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वर्गात होड्यांची चित्रं दाखवली की सर म्हणतात, ही कॅलेंडरची चित्रं. मित्र म्हणतात, जहांगीर आर्ट गॅलरीबाहेरच्या फुटपाथवर अशी चित्रं ढिगाने मिळतात. मी होड्या काढणं सोडून देऊ का? सोबत तीन चित्रांचे फोटो पाठवतोय.

सोडू नकोस. पण सरांवर रागावूही नकोस, त्यांना काहीतरी खटकलंय ते खरं आहे.

तुझी तिन्ही चित्रं मी मोठी करून पाहिली. हात चांगला आहे, पाण्यातलं प्रतिबिंब एका दमात उतरलंय. दुसऱ्या चित्रात चार होड्या नांगरलेल्या आहेत. एकीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, डावीकडे, एकीची उजवीकडे, दोन आपल्याकडे तोंड करून. मांडणी म्हणून छान दिसतं. पण बाळा, तू कोळ्याचा मुलगा आहेस. पाणी भरतं तेव्हा नांगरावरच्या सगळ्या होड्या फिरून एकाच दिशेला तोंड करतात, आणि ओहोटी लागली की सगळ्या मिळून उलट्या फिरतात, हे तुला मी सांगायला हवं का? हे चित्र वडिलांना दाखव आणि ते काय म्हणतात ते ऐक. सरांना जे कॅलेंडर वाटलं ते इथे आहे. विषय जुना झालेला नाही, तू होडीकडे न बघता दुसऱ्या कुणाच्या तरी चित्रातली होडी काढली आहेस. नांगराचा दोर तर तिन्ही चित्रांत कुठेच नाही.

मी विद्यार्थिनी असताना आम्ही पाच-सहा जण पहाटेच ससून डॉकला जायचो. १८७५ पासूनचा धक्का तो. तिथे बसायला जागा मिळत नाही. पाट्या डोक्यावरून जातात, बर्फाचं पाणी पायाखालून वाहत असतं, वहीवर शिंतोडे उडतात. पहिल्या दिवशी मी एकही रेघ ओढू शकले नाही. तिसऱ्या दिवशी कोळंबी सोलणाऱ्या एका मावशीजवळ बसले आणि नुसती तिची बोटं काढली. अंगठ्याने डोकं मोडायचं, सालाला एक हिसका, सोललेली कोळंबी पाटीत, आणि नजर सगळा वेळ शेजारणीशी बोलण्यात. तासाभरात वीस-बावीस रेखाचित्रं झाली, त्यातली दोन बरी होती. परतताना आम्ही वह्या एकमेकांना दाखवल्या. माझ्या चित्रांत बोटांना वजन नाही, असं एकाने तोंडावर सांगितलं. ते अजून लक्षात आहे, कारण खरं होतं. पुढच्या वेळी मी बोटांच्या आधी ती पाटी काढली, भरलेली पाटी धरणारं मनगट काढलं, आणि मग बोटं आपोआप बसली.

तुझ्या पत्रात अशा कुणाचा उल्लेख नाही. वर्गातले सर आहेत, चिडवणारे मित्र आहेत, पण शेजारी बसून काढणारं कुणी नाही. दोघं शोध. कोळीवाड्यातलीच शोध, कॉलेजातली नसली तरी चालतील. रविवारी सकाळी बोंबील वाळवायला लावतात तिथे बसा. दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून दोरीवर टाकतात, ती जोडी कशी लोंबते, वाऱ्याने कशी हलते, खालच्या शेपट्या एका रेषेत का येत नाहीत, हे एक महिना काढ. जून-जुलैत मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, पाण्याखाली असणारा भाग उघडा पडलेला असतो. हे रूप फुटपाथवर विकायला येत नाही. ते तुझ्या घरासमोर आहे.

मुंबईच्या चित्रकलेत किनाऱ्याचा वाटा किती मोठा आहे, हेही लक्षात घे. १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा आधुनिक चित्रकारांचा गट निघाला. त्यातले चित्रकार सूझा गोव्यातल्या साळगावचे. शिल्पकार सदानंद बाकरे लंडनला बरीच वर्षं राहून परत आले ते दापोलीजवळच्या मुरूड-हर्णैला, आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. या गटाबाहेरचे चित्रकार हेब्बर उडुपीजवळचे. प्रभाकर बरवे अलिबागजवळच्या नागावात जन्मले. बरव्यांच्या चित्रांत तुला सूर्यास्त सापडणार नाही. पान, घड्याळ, शिंपला अशा साध्या वस्तू रिकाम्या अवकाशात ठेवलेल्या दिसतील. किनाऱ्यावरच्या माणसाने होडीच काढावी असं कुणी म्हटलेलं नाही. पण तुला होडीच काढावीशी वाटते ना? मग तिच्या जवळ जा.

आणि एकदा सासवण्याला जाऊन ये. अलिबागजवळच्या मांडव्याहून फार लांब नाही. पुण्यातला शिवाजी महाराजांचा १९२८ सालचा अश्वारूढ पुतळा ज्यांनी केला त्या विनायक पांडुरंग करमरकरांचं ते गाव. त्यांच्या घराचं आता शिल्पालय झालं आहे. एवढा मोठा पुतळा करणाऱ्या माणसाने गावची म्हैस किती प्रेमाने घडवली आहे ते पाहा. तिच्याभोवती एक चक्कर मार, मग वही उघड. पुढच्या वेळी फोटो पाठवशील तेव्हा मला त्यात दोर दिसला पाहिजे.

निवृत्तीनंतर जलरंग सुरू केले. रत्नागिरीत राहतो. चांगला महागडा कागद आणला, पण पावसाळ्यानंतर त्यावर रंग टाकला की ठिकठिकाणी शोषला जाऊन डाग पडतात. फ्रेम केलेल्या दोन चित्रांवर तपकिरी ठिपकेही आले आहेत. माझं काय चुकतंय?

काका, तुमच्या हाताचं काही चुकलेलं नाही. ओल नडली आहे.

जलरंगाचा कागद कारखान्यात खळ देऊन तयार करतात, पुष्कळदा जिलेटिनची. या खळीमुळेच रंग पृष्ठभागावर थांबतो, तुम्हाला खेळायला वेळ देतो. दमट हवेत ही खळ हळूहळू निकामी होते, तीही सगळीकडे सारखी नाही. जिथे गेली तिथे कागद टिपकागदासारखा रंग पितो. पाहायचं असेल तर कोपऱ्यावर स्वच्छ पाण्याचा एक थेंब ठेवा. तो फुगून बसला तर कागद ठीक. लगेच आत मुरून काळपट डाग दिसला तर खळ गेली. असा कागद फेकू नका, कोळसा किंवा सॉफ्ट पेस्टलला तो उत्तम.

यापुढे वर्षाचा कागद एकदम आणू नका. सप्टेंबरनंतर घ्या, मेपर्यंत संपेल एवढाच घ्या. उरलेला जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसकट घट्ट बंद करा. रंग बदलणारं सिलिका जेल मिळतं. रंग बदलला की मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतं, फक्त त्यासाठी वेगळं भांडं ठेवा, स्वयंपाकाचं नको. पिशवी लोखंडी कपाटाच्या तळाशी ठेवू नका, मधल्या फळीवर ठेवा.

तपकिरी ठिपके बहुतेक बुरशीचेच. पावसाची धार लागणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर चित्र लावलं असेल तर आजच काढा, आतल्या भिंतीवर न्या. फ्रेमच्या मागे खालच्या दोन्ही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यामध्ये हवा खेळेल. काच चित्राला चिकटलेली नको, मधे माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची, जाडी हवीच, आणि माउंट आम्लमुक्त बोर्डाचा मागा. बुरशी वरवरची असेल तर कोरड्या दिवशी, घराबाहेर, नाकाला मास्क लावून मऊ कोरड्या ब्रशने हलकेच झटका. ओलं फडकं चुकूनही लावू नका. उन्हात वाळवायचा मोह होईल, पण उन्हाने बुरशी जाईल त्याआधी तुमचा गुलाबी उडेल. कागदात मुरलेले डाग घरी काढायला जाऊ नका.

आम्ही सावंतवाडी-कुडाळ भागातले पाच चित्रकार. इथे कलेचं वातावरण अजिबात नाही. मुंबईत, शक्यतो जहांगीरला, गटप्रदर्शन करायचं आहे. कसं करावं?

जहांगीर १९५२ सालची. चित्रकारांना भाड्याने हॉल देणारी, आणि त्यामुळेच सगळ्यांना हवी असणारी. मंगळवार ते सोमवार असा आठवडा मिळतो, पण अर्ज केल्यापासून नंबर लागेपर्यंत वर्षं जातात. अर्ज आजच करा आणि विसरून जा. तोवर काळा घोड्यालाच आर्टिस्ट्स सेंटर आहे, वरळीचं नेहरू सेंटर आहे. १८८८ पासून चालत आलेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीचं वार्षिक प्रदर्शन आहे, राज्य कला प्रदर्शन आहे. या दोन्हींकडे दरवर्षी चित्र पाठवत राहा. निवड झाली नाही तरी पाठवा.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. चित्र कुणाच्याही ताब्यात देताना कागदावर लिहून घ्या. चित्राचं नाव, आकार, माध्यम, किंमत, त्यांचा हिस्सा, परतीची तारीख, खाली सही. खासगी गॅलऱ्या विक्रीतला तिसरा हिस्सा घेतात, कुठे निम्माही. ते आधी ठरलेलं असावं. माझी चार चित्रं एका गॅलरीने ठेवून घेतली होती. ओळखीचे लोक, पावती कशाला मागायची, असं मला वाटलं. सात महिन्यांनी तीन परत आली. चौथं, माझ्या आईचं जाळं विणतानाचं, आमच्याकडे आलंच नव्हतं असं सांगितलं गेलं. आई त्यानंतर पुन्हा चित्रासाठी बसू शकली नाही. म्हणून सांगते, पावती घ्याच. माणसं कितीही गोड असोत.

आता ‘वातावरण नाही’ याबद्दल. हे वाचून मला वाईट वाटलं. तुमच्या सावंतवाडीत गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, हाताने रंगवतात. दशावतारी संचाची १२० गोल पानं, दहा अवतार आणि प्रत्येकाची बारा पानं. बोटाच्या पेराएवढ्या जागेत मत्स्य आणि कूर्म काढणारा हात तुमच्या गावात आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी, म्हणजे पोथीतली चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची कला, जपली आहे. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. चिपळूणकडे सावर्ड्याला कला महाविद्यालय आहे. तिथली मुलं तुमचं प्रदर्शन बघायला एसटीने येतील. तुम्ही पाच जण या सगळ्यांना कधी भेटला आहात का? पत्रावरून तसं दिसत नाही. मुंबईच्या हॉलचं भाडं, फ्रेमिंग, वाहतूक, आठवडाभर पाच जणांचं राहणं, हा खर्च करण्याआधी पहिलं प्रदर्शन सावंतवाडीत करा. एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये तीन दिवस. गंजिफा रंगवणाऱ्यांना आणि पिंगुळीच्या कलावंतांना पाहुणे म्हणून नव्हे, सोबतचे चित्रकार म्हणून बोलवा. त्यांची पानं आणि पोथ्या तुमच्या कॅनव्हासच्या शेजारी एकाच भिंतीवर लागू द्या. मला कळवा, मी तिकीट काढून येईन.

मुलगी नववीत आहे, सारखी चित्रं काढत असते. आम्ही मुरूड-जंजिऱ्याला राहतो. घरातले म्हणतात, यात पोट भरत नाही. मी तिला काय सांगू?

तिला सध्या काहीच सांगू नका. एलिमेंटरीची चित्रकला परीक्षा झाली नसेल तर यंदा बसवा, मग इंटरमिजिएट. बारावीनंतर चार वर्षांची पदवी आहे, त्याला प्रवेश परीक्षा असते. उपयोजित कलेतून जाहिरात, पुस्तकं, अ‍ॅनिमेशन अशी कामं मिळतात, हे घरच्यांना जरूर सांगा. आणखी तीन वर्षं हातात आहेत.

दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस काढा. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, तोवर त्या सुरू झालेल्या असतील. मांडव्याहून सकाळची पकडा. गेटवेला उतरून दहा मिनिटं चाललं की जहांगीर, अकरा वाजता उघडते, तिकीट नाही. रस्त्यापलीकडेच राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. तिच्या पिशवीत वही आणि एक मऊ पेन्सिल असू द्या. हे बघ, ते बघ असं करू नका. तुम्ही एका जागी बसा आणि तिला एकटीला फिरू द्या. कुठल्या चित्रापुढे ती सगळ्यात जास्त वेळ थांबली, ते मला लिहून कळवा.