वाचकांचे प्रश्न : जहाजावरचं पायदळ

प्रश्न : खलाशी आणि गोलंदाज असताना ब्रिटिश युद्धनौकांवर वेगळे ‘मरीन’ शिपाई कशाला? ते आले कधी?

उत्तर : 28 ऑक्टोबर 1664 रोजी दुसऱ्या चार्ल्सने 1,200 जणांची रेजिमेंट उभारायला मंजुरी दिली. डचांशी युद्ध तोंडावर होतं. राजाचा भाऊ ड्यूक ऑफ यॉर्क आरमारप्रमुख. रेजिमेंट त्याच्याच नावाची, डगले पिवळे. कल्पना इंग्रजांची नव्हे. स्पेनचं दल आपला वारसा 1537 पासून सांगतं आणि अथेन्सच्या युद्धनौकांवरही भालाईत असत.

खलाशी मोहिमेपुरते भरती होत आणि नंतर मोकळे होत. त्यांच्या हातून एका हुकमासरशी बंदुकांची फैर झडणं कठीण. दुखणं वेगळंच होतं : रेजिमेंट लष्कराची, चाकरी आरमाराची. त्यामुळे पगाराचे घोळ, आणि युद्ध संपलं की रेजिमेंटही मोडीत. 1748 साली तेच झालं. इलाज सापडला 1755 मध्ये. 50 कंपन्या थेट आरमार खात्याच्या हाताखाली आल्या. ठाणी चॅटम, पोर्ट्समथ आणि प्लिमथ. आमच्या मते खरा जन्म हाच.

कामं ठरलेली : दारूकोठार, मद्याची कोठी आणि कप्तानाच्या खोलीवर पहारा. निजण्याची जागा अधिकारी आणि खलाशी यांच्या मधोमध, कारण बंडाची भीती. दोर ओढायला, तोफा रेटायला ते लागत. डोलकाठीवर चढण्याची सक्ती मात्र नसे.

लढाईत ते उघड्या डेकवरून बंदुका चालवत. घोळक्याने उभं राहण्याचा धोका फ्रेंचांविरुद्धच्या ट्रफाल्गारच्या समुद्री लढाईत (1805) दिसला. ‘व्हिक्टरी’ या ब्रिटिश युद्धनौकेच्या मागच्या उंच डेकवर एकाच जोडगोळ्याने (दांडीने जोडलेले दोन तोफगोळे) आठ मरीन पडले, तेव्हा ब्रिटिश आरमाराचा सेनापती नेल्सनने उरलेल्यांना जहाजभर पांगवायला सांगितलं. शिडांना आग लागेल म्हणून डोलकाठ्यांवर बंदूकधारी ठेवायला तो तयार नव्हता. फ्रेंचांनी ठेवले होते, आणि त्याला गोळी लागली ती तिथूनच.

प्रश्न : आंग्र्यांच्या आरमारात असं दल होतं का?

उत्तर : ब्रिटिश धाटणीची रेजिमेंट नव्हती, पण चढाईची माणसं भरपूर असत. गुराबा (मोठी लढाऊ जहाजं) शत्रूच्या पिछाडीला राहून डोलकाठ्यांवर तोफा डागत. वारा पडला तर वल्ह्यांची गलबतं त्यांना ओढून नेत. शत्रूची डोलकाठी मोडली, तरी तो शरण येईना, की गलबतांतली माणसं तलवारी उपसून एकाच वेळी चहूबाजूंनी वर चढत.