सॉफ्टवेअर नंतर, आधी मेल कुठे राहतो ते सांगा

दिवाळी झाली की जिनिंगचा सीझन लागतो आणि त्याच सुमारास माझ्याकडे गावोगावहून एकच प्रश्न यायला लागतो: "दुकानाच्या संगणकात मेलचं सॉफ्टवेअर कोणतं टाकू?" नवा नाहीतर कुणाचा वापरलेला संगणक येतो, टॅली टाकून होतं, प्रिंटर लागतो, लक्ष्मीच्या फोटोखाली टेबल मांडून होतं आणि शेवटी मेल आठवतो. यंदा आलेल्या प्रश्नांतले काही इथे घेतो. नावं गाळली आहेत.

माझं कृषी सेवा केंद्र आहे. कंपन्यांचे दिवसाला चार-पाच मेल येतात. एकच संगणक आहे. कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? (दारव्हा)

कोणतंच नाही. ब्राउझरमध्ये जीमेल उघडा, बिलं पाहा, बंद करा. दोन-तीन खाती एकत्र पाहायची असतील, नेट नसताना जुने मेल शोधायचे असतील, तेव्हा सॉफ्टवेअरचा विचार करा.

आमच्या विंडोज १० मधलं मेलचं निळं लिफाफ्याचं अ‍ॅप अचानक बंद पडलं आणि त्याच्या जागी नवीन आउटलुक येऊन बसलं. त्यात मेलांच्या मधे जाहिराती दिसतात. व्हायरस तर नाही? (मूर्तिजापूर, दाल मिल)

व्हायरस नाही. मायक्रोसॉफ्टने ते जुनं अ‍ॅप ३१ डिसेंबर २०२४ ला बंद केलं आणि त्याच्या जागी नवीन आउटलुक दिलं. फुकट वापरलं तर जाहिराती दिसणारच. माझी हरकत जाहिरातींवर नाही. त्यात तुम्ही जीमेल किंवा दुसऱ्या कुठल्या कंपनीचं खातं जोडलं, की तुमच्या मेलची एक प्रत मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरही (म्हणजे त्यांच्या इंटरनेटवरच्या संगणकावर) जाते. पहिल्यांदा खातं जोडताना ते तसं विचारतं, आपण न वाचता "पुढे" दाबतो. कुणाला चालतं, कुणाला नाही. तुम्हाला नको असेल तर थंडरबर्ड नावाचं मेलचं सॉफ्टवेअर टाका. ते फुकट आहे आणि धंद्यासाठी वापरायलाही फुकटच आहे. काही दुसरी सॉफ्टवेअरं फक्त घरगुती वापरासाठी फुकट असतात, हा फरक लक्षात घ्या.

आणि मेलपेक्षा मोठी गोष्ट तुम्ही विचारलीच नाही. विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. तुमचं मशीन विंडोज ११ घेईल की नाही, हे कुणाला तरी दाखवून घ्या. नुसतं नाव-मॉडेल वाचून मी सांगणार नाही.

कॉम्प्युटरवाला म्हणतो, "ओरिजनल आउटलुक पाचशे रुपयात टाकून देतो, लाइफटाइम." घेऊ का? (हिंगणघाट)

नका घेऊ.

खरं आउटलुक (वरचं जाहिरातींचं फुकट सोडून) दोन रीतीने मिळतं: दर वर्षी पैसे भरून, नाहीतर ऑफिसबरोबर एकदाच विकत घेऊन. दोन्हींची किंमत पाचशेच्या आसपासही नाही. पाचशेत मिळते ती बहुतेक वेळा कुठल्यातरी मोठ्या संस्थेच्या परवान्यातली चावी. ती शंभर ठिकाणी विकली जाते आणि एक दिवस बंद होते. त्याहून वाईट प्रकार म्हणजे अ‍ॅक्टिव्हेटर, म्हणजे चावी न घेताच सॉफ्टवेअर चालू करून देणारा चोरटा प्रोग्राम. तो चालवण्याआधी "अँटिव्हायरस पाच मिनिटं बंद करा" असं सांगतात. अहो, घराला कुलूप लावायला आलेला माणूस म्हणतो का की आधी कुत्रा बांधून ठेवा आणि तुम्ही बाहेर जा? ज्या मशीनवर बँकेचं काम होतं त्यावर हे करायचं नाही. बिल मागा. बिलावर सॉफ्टवेअरचं नाव लिहून द्यायला तो तयार नसेल तर उत्तर मिळालं.

संत्र्याचा व्यापार आहे. आमच्या नावाचा मेल आहे (आमची वेबसाइट बनवणाऱ्याने दिलेला). ऑफिसमधल्या आउटलुकमध्ये सगळे मेल दिसतात, पण मोबाइलवर फक्त दोन आठवड्यांचे. भाचा म्हणतो, सॉफ्टवेअर बदललं का सगळं ठीक होईल. कोणतं टाकू? (वरूड)

भाच्याला सांगा, सॉफ्टवेअरला हात लावू नको. दादा, तुम्हीही लावू नका. हे उत्तर लांब होणार आहे, कारण या एका गोष्टीपायी मी लोकांचे चेहरे पडलेले पाहिले आहेत.

काही वर्षांपूर्वी, मृगाच्या तोंडावर, वडश्याकडच्या एका राइस मिलचे मुनीमजी सीपीयू दुपट्ट्यात गुंडाळून मोटारसायकलवर घेऊन आले. रात्री वीज कडाडली आणि सकाळी मशीन सुरूच झालं नाही. झाकण काढलं तर पॉवर सप्लायमधून जळका वास. तो बदलला, पण हार्ड डिस्क लावली की टक-टक, टक-टक एवढाच आवाज. मुनीमजी म्हणाले, "डबा गेला तर जाऊ द्या जी, मेल तर इंटरनेटवर असते ना." मी त्यांच्यासमोर सर्व्हर उघडला. तिथे अकरा मेल होते. त्यातले सहा मोबाइल कंपनीचे. धान मिलिंगची पत्रं, ट्रान्सपोर्टच्या बिल्ट्या, बारदान्याचा हिशेब, नऊ वर्षांचं सगळं त्या टक-टक करणाऱ्या डिस्कवर होतं. डिस्क नागपूरला पाठवली. परत आलं ते तुकड्यातुकड्यात, अर्ध्या फाइली न उघडणाऱ्या.

झालं काय होतं? मेल सॉफ्टवेअर सर्व्हरशी दोन पद्धतींनी बोलतं. एक पीओपी, दुसरी आयमॅप. पीओपी म्हणजे पोस्टातून पत्रं घरी घेऊन येणं. आणली की पोस्टात काही उरत नाही, किंवा थोडे दिवस उरतं. सेटिंगमध्ये "सर्व्हरवर प्रत ठेवा" आणि "इतक्या दिवसांनी काढा" अशा दोन ओळी असतात. तिथे बहुतेक वेळा १४ हा आकडा आधीच भरलेला असतो. तुमच्या मोबाइलवरचे दोन आठवडे आले ते तिथून. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहतो आणि ऑफिसचा संगणक, मोबाइल, घरचा लॅपटॉप सगळे तोच मेल पाहतात.

मग पीओपी लावतं कोण? वेबसाइटवाला. कारण त्याने स्वस्तातल्या पॅकेजमध्ये तुम्हाला मेलला जागाच थोडी दिलेली असते. ती जागा भरली की तुमचे फोन येतात, म्हणून तो पीओपी लावून देतो. मेल उपसले जातात, जागा रिकामी होते, त्याची कटकट संपते. तुमची कधी सुरू होणार ते त्या डिस्कला माहीत. जागा कमी आहे, जास्तीचे पैसे भरा, असं तो सरळ सांगू शकला असता.

आधी खात्री करा. आउटलुकमध्ये फाइल, मग अकाउंट सेटिंग्ज. खात्याच्या नावासमोर प्रकार लिहिलेला असतो, पीओपी किंवा आयमॅप. पोर्टचा आकडा (सर्व्हरच्या नावाजवळ लिहिलेला क्रमांक) दिसला तर तोही सांगतो: ९९५ किंवा ११० असेल तर पीओपी, ९९३ किंवा १४३ असेल तर आयमॅप. पीओपी निघालं तर खालच्या क्रमाने जा आणि क्रम मोडू नका.

आधी आउटलुक पूर्ण बंद करून त्याची पीएसटी फाइल (तिच्यातच सगळे मेल साठलेले असतात) बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा. चालू आउटलुकमधून काढलेली प्रत अनेकदा नीट उघडत नाही. ही प्रत दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिल्याशिवाय झाली असं समजू नका. मग वेबसाइटवाल्याला विचारा की सर्व्हरवर जागा किती आहे आणि वाढवायला किती लागतात. जागा मिळाली की तेच खातं आयमॅप म्हणून नव्याने जोडा. जुनं पीओपी खातं काढू नका, राहू द्या; फक्त त्यात "सर्व्हरवर प्रत ठेवा" सुरू ठेवा आणि "इतक्या दिवसांनी काढा" बंद करा, नाहीतर ते सर्व्हरवरून मेल काढतच राहील. मग जुने मेल थोडे थोडे करून आयमॅपच्या फोल्डरमध्ये ओढून न्या. ते वर चढायला वेळ लागतो, आपल्याकडच्या नेटवर एखादी रात्रही. हे काम कुणाला तरी शेजारी बसवून करा. भाचा चालेल, पण फाइलची प्रत आधी.

आता दुसरी बाजू. आयमॅप झालं म्हणजे बॅकअप झाला, असं धरून चालू नका. आयमॅपमध्ये मोबाइलवर चुकून पुसलेला मेल ऑफिसमध्येही पुसला जातो. पगारी मुलाने रागात फोल्डर उडवलं तर सगळीकडून उडतं. म्हणून महिन्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवर प्रत घ्या. डिस्क मशीनला लावून ठेवू नका. वीज दोघांनाही सोबतच नेते. पाऊस लागण्याआधी एक प्रत घरी.

आणि "जुने मेल कशाला लागतात" म्हणणाऱ्यांसाठी: जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. बिलं फक्त मेलवरच येत असतील तर तुमचा मेल हीच तुमची फाइल आहे. कोणता कागद त्यात बसतो आणि कोणता नाही, हे सीए साहेबांना विचारा. तो माझा विषय नाही.

थंडरबर्ड टाकलं. जीमेलचा पासवर्ड बरोबर आहे, मोबाइलवर चालतो, पण ऑफिसच्या जुन्या आउटलुक २०१० मध्ये "चुकीचा" म्हणतो. यूट्यूबवर एक बटन सुरू करायला सांगतात, ते सापडत नाही. (आर्वी, शेतकरी उत्पादक कंपनी)

सापडणार नाही, कारण ते बटनच आता नाही. नुसत्या पासवर्डवर बाहेरच्या सॉफ्टवेअरला आत घेणं गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून बंद केलं. तो व्हिडिओ त्याच्या आधीचा असणार. तारीख पाहत जा ना, बाप्पा.

थंडरबर्डची चालू आवृत्ती गूगलचं स्वतःचं लॉगिन पान उघडते, तिथे पासवर्ड टाका, झालं. जुन्या आउटलुकला ती पद्धत समजत नाही. त्याच्यासाठी खात्यावर दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून सोळा अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड काढता येतो. पण आउटलुक २०१० चे सुरक्षा अपडेट २०२० मध्येच संपलेत. थंडरबर्ड टाकलंच आहे तर त्यालाच धरा.

दुकानाचा ईमेल सेतू केंद्रावरच्या पोराने काढून दिला होता. पासवर्ड त्याच्याकडेच आहे. जीएसटीला पण तोच दिला आहे. काही अडचण तर नाही ना? (खामगाव, हार्डवेअर)

काका, आज जा. हा अंक वाचून झाला की लगेच.

त्या खात्यावर नंबर त्याचा असेल. पासवर्ड विसरला की कोड त्याला जाणार. त्याने सिम बदललं किंवा गाव सोडलं की तुम्ही तुमच्याच दुकानाच्या बाहेर. तो पोरगा वाईट आहे असं मी म्हणत नाही. दिवसात चाळीस लोकांची खाती काढताना त्याने आपला नंबर टाकला असेल. त्याच्या शेजारी बसा, तुमचा मोबाइल नंबर टाका, त्याचा काढा, पासवर्ड स्वतःच्या हाताने बदला, आणि "कोणत्या उपकरणांवर हे खातं उघडं आहे" ती यादी पाहून अनोळखी सगळी बंद करा. पासवर्ड घरच्या वहीत लिहिला तरी चालेल, काउंटरच्या काचेखाली नको. जीएसटी पोर्टलवर नोंदलेला मोबाइल कुणाचा आहे तेही सीएकडून तपासून घ्या.

गठाणीचा व्यवहार होता. कोइम्बतूरच्या पार्टीकडून मेल आला की आमचं बँक खातं बदललं, आगाऊ परत करायचे ते नवीन खात्यात टाका. पैसे टाकणार होतो, थांबलो. असं ओळखणारं सॉफ्टवेअर आहे का? (वणी)

पूर्ण ओळखणारं नाही. तुम्ही थांबलात, तेच बरं झालं.

सॉफ्टवेअर बहुतेक वेळा पाठवणाऱ्याचं फक्त नाव दाखवतं. नावावर जाऊन पूर्ण पत्ता पाहा. एक अक्षर जास्तीचं असतं, एलच्या जागी एकचा आकडा असतो. पण कधी कधी पत्ताही बरोबर असतो, कारण समोरच्याचं खातंच चोरांच्या हातात गेलेलं असतं. म्हणून खातं बदलल्याचा मेल आला की तुमच्या जुन्या वहीतल्या नंबरवर फोन करा, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. आणि कुणाचे पैसे गेलेच असतील तर आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन, सोबत बँकेला. "उद्या सकाळी पाहू" करू नका. पहिल्या काही तासांत रक्कम अडवता आली तर येते, नंतर ती चार खात्यांत पांगलेली असते.

मालाचे फोटो एकत्र पाठवले तर जात नाहीत. (चांदूर बाजार)

जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे आणि पाठवताना फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते. गूगल ड्राइव्हवर टाका, लिंक पाठवा.

सहकारी संस्थेकडून आलेली मराठी फाइल उघडली तर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. थंडरबर्ड बिघडलं का? (दर्यापूर)

थंडरबर्डचा काही संबंध नाही. तिकडे कृतिदेव किंवा तसल्याच जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतात. तो फॉन्ट तुमच्याकडे नाही. त्यांना युनिकोडमध्ये (त्यातली मराठी कोणत्याही मशीनवर वाचता येते) टाइप करायला सांगा, नाहीतर पीडीएफ मागा. पीडीएफ मागणं सोपं पडेल, टायपिस्ट सवय बदलत नाही.