सात टक्के गॅस कुठे गेला? आधी तापमान विचारा

तुमचा प्रश्न वाचून हसू पण आलं आणि पोटात गोळा पण आला, कारण अगदी हाच घोळ मी निस्तरलाय. पूर्वेकडच्या साठवणीतून काढलेला गॅस सीमा ओलांडून ईयूत (युरोपियन युनियनमध्ये) आणला, तिकडच्या रिपोर्टमधल्या क्यूबिक मीटरपेक्षा इकडचे जवळजवळ सात टक्के कमी, आणि तुमचे साहेब विचारतायत गळती की चोरी. बहुतेक दोन्ही नाही.

नॉमिनेशन (किती गॅस नेणार ते आधी कळवणं), मॅचिंग (दोन्हीकडचे ते आकडे जुळवणं) वगैरे तुम्हाला येतच असणार, ते सोडतो. क्यूबिक मीटर कुठल्या तापमानाचा ते आधी बघा. जुन्या सोव्हिएत पद्धतीच्या पाइपलाइन जाळ्यांत तो 20 अंशांवर मोजतात, ईयूच्या नियमात 0 अंशावर (दाब दोन्हीकडे 1.01325 बार). तिकडचे 1,00,000 इकडे 93,000च्या थोडे वर भरतात. गॅस तेवढाच, रेणूही तेवढेच. ब्रिटनकडची 15 अंशांची आकडेवारी कधी हातात आली तर तिथे हाच फरक पाच टक्क्यांच्या थोडा वर निघतो.

आता खरा खड्डा. व्हॉल्यूम बदललं की कॅलरीफिक व्हॅल्यू (गॅस जाळल्यावर मिळणारी ऊर्जा) पण बदलावी लागते, कारण तीही "दर क्यूबिक मीटर"च असते. शून्य अंशाचं व्हॉल्यूम घेऊन त्याला 20 अंशांच्या कॅलरीफिक व्हॅल्यूने गुणलं की किलोवॅट तासांतच सात टक्क्यांचं भोक पडतं, आणि मग ते इनव्हॉइसमध्ये जातं. कॅलरीफिक व्हॅल्यू काढताना ज्वलनासाठी धरलेलं तापमान (ईयूत 25 अंश) वेगळं असेल तर आणखी थोडा फरक येतो, पण तो हजारात एक-दोन भाग, त्याच्या मागे आत्ता लागू नका.

आमच्याकडे जे सर्टिफिकेट यायचं त्यात नुसतं "क्यूबिक मीटर" आणि "किलोवॅट तास प्रति क्यूबिक मीटर" असे दोन कॉलम, तापमानाचा कुठे पत्ता नाही. ज्या ऑफिसने ते काढलं (नाव घेत नाही) त्यांना विचारलं तर उत्तर, "आकडे करारानुसार आहेत." बरं, करार दाखवा. तर म्हणे तो दोन ऑपरेटरमधला (पाइपलाइन चालवणाऱ्या कंपन्यांमधला) इंटरकनेक्शन करार, म्हणजे जाळी जोडण्याचा, तुम्ही शिपर (जाळ्यातून गॅस नेणारे ग्राहक), तुमचा संबंध नाही. अहो पैसे आम्ही भरतोय ना! मी अख्खा करार मागितलाच नव्हता, कॉलमच्या डोक्यावर एक आकडा लिहा एवढंच म्हणत होतो, पण हेल्पडेस्क दरवेळी नवीन तिकीट नंबर द्यायचा आणि जुनं तिकीट बंद करून टाकायचा, आणि तोपर्यंत बिलावर हरकत घ्यायची मुदत निघून गेली. सगळ्यात महाग पडलं ते हे.

नंतर कळलं की युरोपियन कमिशनचं 2015/703 नावाचं रेग्युलेशन आहे, 1 मे 2016 पासून लागू, आणि त्याच्या कलम 4 मध्ये सरळ लिहिलंय की करारातली जी माहिती शिपरवर थेट परिणाम करते ती ऑपरेटरने शिपरला कळवायची. त्यामुळे मेल लिहिताना "कृपया मदत करा" लिहू नका, कलमाचा नंबर लिहा. युनिट्स कलम 13 मध्ये आहेत. तिथे एक पळवाट पण आहे, ज्या देशाचं जाळं फक्त एकाच दुसऱ्या सदस्य देशाला जोडलंय तिथे वेगळी रेफरन्स कंडिशन (मोजणीसाठी धरलेलं तापमान-दाब) चालू ठेवता येते. म्हणून "ईयूत सगळीकडे सारखंच असणार" हे गृहीत धरू नका. (मी वकील नाही, आणि सीमेपलीकडचा ऑपरेटर ईयूबाहेरचा असेल तर तिथला कायदा वेगळा बघावा लागेल.)

साहेबांना उत्तर द्यायच्या आधी रोजचं गुणोत्तर काढून बघा. रोज 0.93च्या आसपास येत असेल तर युनिटचा घोळ, मधेच उड्या मारत असेल तर मीटर किंवा तासांचा. तासांवरून आठवलं, गॅस डे (गॅसच्या हिशोबाचा दिवस) हिवाळ्यात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) पहाटे 5 ते 5 आणि उन्हाळी वेळेत 4 ते 4, त्यामुळे घड्याळ रविवारी पहाटे बदललं तरी 23 किंवा 25 तासांचा गॅस डे शनिवारचा असतो. आयटीवाले हमखास रविवारची फाईल टेस्ट करतात आणि सगळं ठीक म्हणून मोकळे होतात.

या "एकसमान नियम" प्रकरणावर माझा फार विश्वास उरलेला नाही, खरं सांगतो. फ्रान्समध्ये गॅसला वास मुख्य पाइपलाइनमध्येच देतात, जर्मनीत खाली वितरणाच्या पातळीवर. तेवढ्यावरून फ्रान्सकडून जर्मनीला थेट गॅस वर्षानुवर्षं जात नव्हता, आणि 2022च्या ऑक्टोबरमध्ये टंचाईने गळ्याशी आलं तेव्हा सुरू झाला. गरज लागली की सगळं जमतं यांना.

असो. कुठल्याही एका दिवसाचे चार आकडे इथे टाका, दोन्हीकडचं व्हॉल्यूम आणि दोन्हीकडची कॅलरीफिक व्हॅल्यू, सीमेवरच्या जोडणीच्या पॉइंटचं नाव झाकून. आणि हरकतीची मुदत आजच कॉन्ट्रॅक्टमध्ये शोधा, हेल्पडेस्कच्या उत्तराची वाट बघत बसू नका.