चिपाडापासून गॅस आणि आतड्यातले जिवाणू: प्रकल्पाचा विषय निवडताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी ‘उसाच्या अवशेषांपासून जैवऊर्जा’ आणि ‘आतड्याच्या आरोग्यातील जिवाणू’ यांपैकी एक विषय घ्यायचा आहे, आणि म्हशीच्या पोटातले जिवाणू गोबरगॅसच्या टाकीत सोडले तर चिपाडापासून भरपूर गॅस मिळेल का, ही जोडीची शंका आहे. माझे मत आधी सांगतो. हे दोन्ही विषय हवेविना होणाऱ्या एकाच किण्वनाचे आहेत आणि त्यांच्यातला मुख्य फरक वेळेचा आहे. तो फरक नीट कळला तर विषयाची निवड सोपी होते आणि शंकेचे उत्तरही त्यातच मिळते.

वनस्पतीचा चोथा जिथे हवेविना कुजतो तिथे सूक्ष्मजीवांची कामे ठरलेली असतात. काही जिवाणू सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज (वनस्पतीच्या तंतूंतील लांब साखळ्यांच्या शर्करा) तोडून शर्करा मोकळ्या करतात, काही त्या शर्करांपासून ॲसिटिक, प्रोपिओनिक व ब्युटिरिक आम्ले, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतात, तिसरा गट प्रोपिओनिक व ब्युटिरिक आम्लांचे ॲसिटिक आम्ल करतो आणि शेवटी मिथेन बनवणारे आर्किया उरलेले काम संपवतात. (आर्किया हेही एकपेशीय सूक्ष्मजीवच, पण अमेरिकन शास्त्रज्ञ कार्ल वूझ यांनी १९७७ मध्ये हा गट जिवाणूंपासून वेगळा काढला. त्यामुळे प्रबंधात ‘मिथेन बनवणारे जिवाणू’ असे लिहू नका, परीक्षक तिथेच अडवतील.) गोबरगॅसच्या टाकीत ही साखळी शेवटपर्यंत जाते. एक रेणू ग्लुकोजपासून तीन रेणू मिथेन आणि तीन रेणू कार्बन डायऑक्साइड तयार होतात, आणि ज्वलनाच्या हिशेबाने ग्लुकोजमधली ९० टक्क्यांहून अधिक ऊर्जा त्या मिथेनमध्ये उतरते. जैवऊर्जेच्या दृष्टीने या प्रक्रियेचे महत्त्व एवढ्यावरूनच लक्षात येते.

म्हशीच्या पहिल्या पोटात, म्हणजे रुमेनमध्ये, आणि माणसाच्या मोठ्या आतड्यात हीच साखळी अर्ध्यावर थांबते. दीनबंधू पद्धतीच्या, म्हणजे पक्क्या घुमटाच्या, गोबरगॅस संयंत्रात आपल्याकडच्या हवामानाला शेणकाला साधारण ४० दिवस राहील असा हिशेब धरतात, तर रुमेनमध्ये चारा आणि मोठ्या आतड्यात अन्नाचा चोथा दोन-एक दिवसच राहतो. ॲसिटिक आम्लापासून मिथेन बनवणारे आर्किया इतके सावकाश वाढतात की त्यांची संख्या दुप्पट व्हायलाच काही दिवस जातात. पोटात ते टिकायच्या आधीच वाहून जातात आणि मधल्या काळात आम्ले पोटाच्या अस्तरातून रक्तात शोषली जातात. म्हशीला तिच्या एकूण ऊर्जेचा सुमारे दोन तृतीयांश भाग याच आम्लांतून मिळतो. माणसाला त्यांतून मिळणारी ऊर्जा १० टक्क्यांच्या आसपास किंवा कमीच असते, मात्र मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी आपली बहुतांश ऊर्जा ब्युटिरेटपासून (म्हणजे ब्युटिरिक आम्लापासून) घेतात आणि आतड्याच्या आरोग्यावरील संशोधनाचा मोठा भाग या एका आम्लाभोवती फिरतो. टाकीत ज्या आम्लाचे शेवटी मिथेन होते तेच आम्ल शरीरात अस्तराचे अन्न ठरते. हायड्रोजनपासून मिथेन बनवणारे आर्किया मात्र तुलनेने लवकर वाढतात, म्हणून रुमेनमध्ये मिथेन होतोच, आणि जनावराच्या खाद्यातील ऊर्जेचा २ ते १२ टक्के भाग ढेकरांतून वाया जातो. माणसांपैकी काहींच्याच श्वासात मिथेन सापडतो. तो बनवणारा मिथेनोब्रेव्हिबॅक्टर स्मिथाय आणि जुनाट बद्धकोष्ठता यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. इथेही वेळेचा प्रश्न येतो, कारण मिथेनमुळे आतड्याची हालचाल मंदावू शकते आणि हालचाल मंदावली की या आर्कियांना वाढायला आणखी सवड मिळते. कारण कोणते आणि परिणाम कोणता हे एका मोजणीतून ठरवता येत नाही, हे प्रबंधात स्पष्ट लिहावे.

दोन्हींचे नाते आणखी एका ठिकाणी दिसते, आणि ते आपल्या भागातल्या कोणत्याही पशुवैद्याला ठाऊक असते. लग्नातला उरलेला भात आणि शिळ्या भाकऱ्या जनावराने भरपूर खाल्ल्या की स्टार्च झपाट्याने आंबते, लॅक्टिक आम्ल साठते, रुमेनचा सामू (pH) साडेपाचच्या खाली जातो, रवंथ बंद पडते आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर जनावर दगावते. तेच उरलेले अन्न एकदम गोबरगॅसच्या टाकीत टाकले तर तिथेही आम्ले साठतात, सामू सातच्या आसपासचा हवा असताना सहाकडे उतरतो, मिथेन बनवणारे आर्किया निष्क्रिय होतात आणि गॅस शेगडीवर पेटेनासा होतो. दोन्हीकडे आम्ल तयार होण्याचा वेग ते वापरले जाण्याच्या वेगाच्या पुढे गेलेला असतो. दोन्हीकडे खाद्य हळूहळू बदलत नेले तर हा प्रसंग सहसा येत नाही.

आता म्हशीच्या पोटातल्या जिवाणूंविषयी. मिथेन बनवणारे आर्किया शेणातून टाकीत रोज जातच असतात, त्यामुळे त्यांचा वेगळा पुरवठा करण्यात अर्थ नाही. रुमेनमधील तंतू तोडणारे सूक्ष्मजीव मात्र टाकीतल्यापेक्षा खरोखर वेगवान असतात, आणि ही कल्पना तपासलीही गेली आहे. नेदरलँड्समधील नाइमेगेन येथे १९८०च्या दशकात रुमेनसारखी परिस्थिती राखलेली पहिली टाकी आणि मिथेनसाठी वेगळी दुसरी टाकी अशी जोडणी करून सेल्युलोजचे विघटन वेगाने होते हे दाखवण्यात आले. त्यातली मेख अशी की पहिल्या टाकीचे तापमान, सामू आणि आम्ले काढून घेण्याचा वेग सतत रुमेनसारखा ठेवावा लागतो. साध्या टाकीत रुमेनमधील द्रव ओतला तर काही दिवस फरक दिसू शकतो, पण पुढे स्थानिक वस्तीच वरचढ ठरते. ‘गॅस दुप्पट करणारे कल्चर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांवर विश्वास ठेवण्याआधी विक्रेत्याकडे पुडीविना चालवलेल्या टाकीचे आकडे मागावेत.

शिवाय चिपाडाची खरी अडचण लिग्निनची, म्हणजे वनस्पतीला ताठपणा देणाऱ्या चिवट घटकाची, आहे. चिपाडाच्या कोरड्या वजनात लिग्निन २० ते २५ टक्के असते, हवेविना ते जवळजवळ तुटत नाही आणि सेल्युलोजला वेढून बसते. त्यावर वाफेची किंवा अल्कलीची पूर्वप्रक्रिया करावी लागते. त्यातच साखर कारखाने बगॅस, म्हणजे हेच चिपाड, बॉयलरमध्ये जाळून वीज करतात आणि गुऱ्हाळात तेच चिपाड वाळवून चुलवाणात जाते, म्हणजे या कच्च्या मालाला आधीच गिऱ्हाईक आहे. प्रेसमड (उसाचा रस गाळल्यावर उरणारी मळी) आणि आसवनीचे, म्हणजे मद्यार्क कारखान्याचे, सांडपाणी हे विषय मला अधिक खरे वाटतात. सांडपाण्याचा सीओडी (त्यातली घाण ऑक्सिडाइज करायला लागणारा ऑक्सिजन) लिटरला एक लाख मिलिग्रॅमच्या घरात असतो आणि ते थेट नदीत गेले तर काय होते हे पंचगंगेकाठच्या माणसाला सांगायला नको.

पोट आणि इंधन यांना जोडणारी दोन संशोधने जरूर वाचा. भारतीय हत्तीच्या शेणातून वेगळ्या केलेल्या पिरोमायसिस या हवेविना जगणाऱ्या बुरशीचे एक जनुक नेदरलँड्समधील संशोधकांनी २००३ मध्ये यीस्टमध्ये घातले. त्यामुळे साध्या यीस्टला न पचणारी झायलोज शर्करा इथेनॉलसाठी वापरता येण्याचा मार्ग खुला झाला. दुसरे संशोधन २०२४ चे, इस्रायलमधील इत्झाक मिझराही यांच्या गटाचे. माणसाच्या आतड्यातही सेल्युलोज तोडणाऱ्या रुमिनोकॉकसच्या प्रजाती आहेत, आणि त्या प्राचीन विष्ठेच्या नमुन्यांत, शिकार करून व कंदमुळे-फळे गोळा करून जगणाऱ्या समाजांत व ग्रामीण लोकांत जितक्या आढळतात त्या मानाने औद्योगिक समाजांत फारच विरळ झाल्या आहेत, असे त्यांना दिसले. यावरून कोणी चिपाड चघळून खाण्याचा सल्ला दिला तर तो मनावर घेऊ नये. ज्वारीची भाकरी, उसळी आणि पालेभाज्या यांतले तंतू जिवाणूंना कितीतरी सहज मिळतात.

तर निवड कोणती करावी? मी जैवऊर्जेचा विषय घेईन. माणसाच्या नमुन्यांवर काम करायचे तर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी, नमुना देणाऱ्यांची लेखी संमती, हवाविरहित कक्ष आणि आम्लांच्या मोजणीसाठी गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो. एवढे सगळे एका सत्रात जमणे कठीण असते. आतड्याची ओढ सुटत नसेल तर एक मधला मार्ग आहे. चिपाडातील हेमिसेल्युलोज अल्कलीने वेगळे करून झायलनेज विकराने त्याची झायलो-ऑलिगोसॅकराइड्स (झायलोजच्या छोट्या साखळ्या) करावीत, त्यांवर बिफिडोबॅक्टेरियम हा आतड्यातला उपकारक जिवाणू वाढतो का ते नळीत पाहावे, आणि उरलेला चोथा धुऊन, सामू सातवर आणून गॅससाठी द्यावा. मात्र नळीतील वाढीवरून ‘आतड्याचे आरोग्य सुधारते’ असे लिहू नका. एखाद्या पदार्थाला प्रीबायोटिक, म्हणजे आतड्यातल्या उपकारक जिवाणूंचे खाद्य, म्हणायचे तर त्याचा लाभ प्रत्यक्ष सेवन करणाऱ्यात दिसावा लागतो.

गॅसच्या चाचणीला अर्ध्या लिटरच्या बाटल्या, रबरी बुचे, ३५ अंशांचा उष्मक आणि पाण्याच्या विस्थापनाने वायू मोजण्याची साधी मांडणी पुरते. अल्कलीचे पाणी वापरले की कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि मोजणी जवळजवळ निव्वळ मिथेनची होते. प्रत्येक नमुन्याच्या तीन बाटल्या ठेवा, केवळ विरजणाच्या (सूक्ष्मजीव पुरवणाऱ्या मूळ द्रवाच्या) तीन वेगळ्या ठेवा आणि शुद्ध सेल्युलोजच्या आणखी तीन ठेवा. सेल्युलोजपासून सिद्धांताप्रमाणे दर ग्रॅमला ४१५ मिलिलिटर मिथेन मिळायला हवा. प्रत्यक्षात ३५०च्या आसपास आला तर विरजण चांगले आहे असे समजा. त्याहून फारच कमी आला तर चिपाडाचे आकडे लिहून उपयोग नाही. विरजणासाठी ताज्या शेणापेक्षा चालू संयंत्राची स्लरी घ्यावी आणि तिच्यातला स्वतःचा गॅस निघून जावा म्हणून वापरण्यापूर्वी ती पाच ते सात दिवस ३५ अंशांवर नुसती ठेवावी.