बोगनवेलीला पानंच पानं येतात, फुलं का येत नाहीत?

घोडबंदर रोडला चौदाव्या मजल्यावर राहता, बाल्कनीतल्या मोठ्या कुंडीत दोन वर्षांपासून बोगनवेल आहे, रोज पाणी घालता, दर महिन्याला शेणखत देता, पानं हिरवीगार आहेत आणि फुलाचा पत्ता नाही, असं तुम्ही लिहिलंय. दुखणं तुमच्या प्रश्नातच आहे हो. रोज पाणी!

आमच्याकडे ऐरोलीला अगदी हेच झालं होतं. सासूबाई रोज सकाळी तांदूळ धुतलेलं पाणी तिच्या मुळाशी ओतायच्या. वेल वरच्यांच्या ग्रिलपर्यंत पोचली, फुलं शून्य. मग एकदा सांगोल्याहून मामा आले. त्यांची डाळिंबाची बाग आहे. चहाचा कप हातात घेऊन बाल्कनीत आले, कुंडीत बोट खुपसलं आणि म्हणाले, "अगं, हिला ताण कुठाय? बहार धरायचा तर पाणी तोडावं लागतंय."

डाळिंबाला बहार धरताना आधी पाणी तोडतात, पानं गळू देतात, मग छाटणी, खत आणि पाणी. त्यानंतर झाड कळ्यांनी लगडतं. बोगनवेलही त्याच वळणाची. पाणी आणि नत्र मुबलक असलं की ती नुसतं अंग वाढवत बसते. हायवेच्या दुभाजकातली बघा, मे महिन्यात धुरात आणि धुळीत कशी पेटलेली असते.

पण मामांचा हिशोब कुंडीला जसाच्या तसा लावू नका. डाळिंबाची मुळं जमिनीत असतात, कुंडीतली वेल महिनाभराच्या ताणाने मरेल. मी करते ते असं. पावसाळ्यात काहीच करत नाही, कारण तेव्हा ताण देणं आपल्या हातात नसतं. फक्त कुंडीखालची ताटली काढून टाकते, पाणी साचलं की मुळं कुजतात. दसऱ्याच्या सुमारास सगळ्या फांद्या तिसरा हिस्सा छाटते. फुलं नव्या फुटीवर येतात, त्यामुळे छाटताना जीव खालीवर करायचं कारण नाही. नवी फूट वीतभर झाली की शेंडे खुडायचे आणि तिथून पाण्याचा हात आखडता घ्यायचा.

किती आखडता, हे झाडच सांगतं. शेंड्याकडची कोवळी पानं आधी मलूल होऊन लोंबायला लागतात. दुपारच्या उन्हात सगळीच तशी दिसतात, त्याला फसू नका. सकाळी सातला, ऊन यायच्या आधीही लोंबलेलीच असतील, तर पाणी द्या, आणि देताना खालच्या भोकातून वाहीपर्यंत द्या. मग परत वाट बघा. असे चार-पाच फेरे झाले की पानांच्या बेचक्यात बारीक लालसर टोकं दिसायला लागतात. ती दिसली की ताण थांबवा, नाहीतर तीच गळून जातात.

शेणखत वर्षातून दोनदा पुरे, युरिया अजिबात नको. कळी धरताना मी 0:52:34 (पाण्यात विरघळणारं खत, यात नत्र शून्य, फक्त स्फुरद आणि पालाश) लिटरभर पाण्यात एक ग्रॅम घालून पंधरा दिवसांतून एकदा देते.

तुमची बाल्कनी कुठल्या दिशेला आहे ते लिहिलं नाहीत. पाच-सहा तास थेट ऊन हवंच. आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, म्हणून दक्षिणेची बाल्कनी सगळ्यात उत्तम. उत्तरेची असेल तर वरचं सगळं करूनही फार काही हाती लागणार नाही. सरळ कुणाला तरी देऊन टाका.

आणि कुंडी बदलायच्या भानगडीत पडू नका. थोडी दाटीवाटी तिला चालते. मी एकदा "मुळं जरा मोकळी करू" म्हणून मातीचा गोळा हलवला आणि तो हातातच फुटला. हिची मुळं फार नाजूक असतात. आठ दिवसांत सगळी पानं गळाली आणि उरल्या त्या नुसत्या काटक्या. नव्या रोपाचीही पिशवी ओढून काढू नका, ब्लेडने चिरून गोळा अख्खा कुंडीत ठेवा.

बहर आला की एक गुच्छ जवळून बघा. गुलाबी दिसतात ती फुलं नव्हेत, रंगीत पानं आहेत. त्यांच्या आत तीन बारीक पांढरट नळ्या असतात, ती खरी फुलं. हे मूळचं ब्राझीलकडचं झाड, 1767 मध्ये बुगनविल नावाच्या फ्रेंच दर्यावर्दीच्या सफरीत त्याची नोंद झाली. मराठीने त्याच्या 'विल'ची बिनदिक्कत वेल करून टाकली!

सासूबाईंना आता तांदळाचं पाणी ओतायला शेजारी एक जास्वंद आणून दिली आहे.