मशीनवर सगळं हिरवं, तरी घाटात नाक बाहेर

प्रश्न : मी साताऱ्यात राहतो. गेल्या वर्षी २००८ सालची पोर्शे केमन एस सेकंडहँड घेतली. रविवारी पहाटे समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढून कासपर्यंत जाऊन येतो. आवळ वळणात स्टेअरिंग फिरवलं तरी गाडीचं नाक बाहेरच जायला बघतं. मागचे दोन्ही टायर आतल्या अंगाने पार गुळगुळीत झालेत, बाहेरून बघाल तर नवे वाटतात. अलाइनमेंट करून घेतलं, कागदावर सगळे आकडे हिरवे आले. कागदाचा फोटो जोडला आहे. काही जण म्हणतात निगेटिव्ह कॅम्बर वाढव, काही म्हणतात टायर खाईल. नक्की काय करू?

उत्तर : कागदाचा फोटो जोडलात, फार बरं केलंत. नुसत्या वर्णनावरून चाकांबद्दल बोलणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं.

कॅम्बर म्हणजे समोरून बघताना चाक किती कललंय तो कोन; माथा आत झुकला की निगेटिव्ह. तुमच्या कागदावर पुढचा कॅम्बर डावीकडे निगेटिव्ह ५ मिनिटं आणि उजवीकडे ३५ मिनिटं आहे. मागे दोन्हीकडे १ अंश ४५ मिनिटं. (१ अंश म्हणजे ६० मिनिटं.) दुखणं इथेच दिसतं. गाडी वळणात कलली की बाहेरच्या चाकाचा माथाही बाहेर कलतो आणि टायर कडेवर उभा राहतो. केमनला पुढे-मागे चारही चाकांना मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲबसॉर्बर एकत्र असलेला खांब) आहेत आणि या रचनेत हे जास्तच होतं. म्हणून चाकाचा माथा आधीच थोडा आत झुकवून ठेवायचा, म्हणजे ऐन वळणात टायर सपाट बसतो. तुमच्या मागच्या चाकांना ती सोय भरपूर आहे, पुढच्यांना जवळजवळ नाही. त्यात १८ इंची चाकांवर पुढे २३५ आणि मागे २६५ रुंदीचे टायर. मागची पकड दांडगी, पुढची तोकडी. नाक बाहेर जाणारच.

हिरव्या रंगाचा अर्थ एवढाच, की आकडा कंपनीने दिलेल्या मर्यादेत आहे. डावं-उजवं एकसारखं आहे का, पुढचं-मागचं एकमेकांना साजेसं आहे का, हे मात्र माणसानेच बघायचं असतं. मी तीस वर्षांपूर्वी हे काम शिकलो तेव्हा मशीन नव्हतं. चार स्टँडवर दोन दोरे गाडीला समांतर ताणायचे आणि रिमची पुढची कड, मागची कड पट्टीने मोजायची. १८ इंची रिमवर १ मिलिमीटरचा फरक म्हणजे साडेसात मिनिटं. उस्ताद अर्ध्या मिलिमीटरसाठी पुन्हा मोजायला लावायचे. तो दोरा अजून माझ्या खणात आहे. मशीनवर शंका आली की मी तोच काढतो.

आता टायरचं. कॅम्बरला लोक फुकट बदनाम करतात. दोन अंशांच्या आतला कॅम्बर टायर हळूहळू झिजवतो, टायर खातो तो टो, म्हणजे वरून बघताना चाकाचं तोंड आत किंवा बाहेर वळलेलं असणं. चाक १० मिनिटं तिरकं असेल, तर दर किलोमीटरला ते जवळपास ३ मीटर आडवं घासत जातं. सातारा ते महाबळेश्वर जाऊन येईपर्यंत किती झालं, तुम्हीच हिशोब करा. पण तुमच्या कागदावर मागचा टो व्यवस्थित आत आहे, मग टायर आतून का गेले? माझा दाट संशय मागच्या आर्मच्या (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्यांच्या) बुशांवर, म्हणजे सांध्यातल्या रबरी गाद्यांवर आहे. इतक्या वर्षांचं रबर मऊ पडतं, चिरतं. गाडी उभी असताना आकडा बरोबर दिसतो, पण ब्रेक दाबला की चाक मागे ओढलं जाऊन टो बाहेर उघडतो. मशीन उभ्या गाडीचं मोजतं, टायर चालत्या गाडीत झिजतो. म्हणून गाडी रॅम्पवर घेऊन पहारीने प्रत्येक बुश हलवून बघा, बॉल जॉइंट आणि टाय रॉडची टोकंही बघा. जे ढिलं असेल ते जोडीने बदला. त्याआधी अलाइनमेंटवर एक रुपयाही घालू नका.

इथे एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. या गाडीचं इंजिन सीटच्या मागे आहे. मागचा टो कधीही शून्याच्या बाहेर जाऊ देऊ नका. कोणी म्हणेल मागे थोडा टो-आऊट (चाकाचं तोंड बाहेर) दे, गाडी चटकन वळेल. वळेल खरी, पण उतारावरच्या वळणात घाबरून ॲक्सिलरेटर सोडलात की वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आणि शेपूट पुढे यायला निघते. यवतेश्वरच्या घाटात एका अंगाला दरी आहे. नाक बाहेर जाणारी गाडी वेग कमी केला की सावरते, शेपूट सुटलेली सावरायला बहुतेकांना वेळच मिळत नाही.

बुश झाले की रस्त्यावर चालवायला मी असं बसवेन : पुढचा कॅम्बर दोन्हीकडे निगेटिव्ह १ अंशाच्या आसपास, मागचा दीड अंश, मागचा टो प्रत्येक चाकाला ८ ते १० मिनिटं आत, पुढचा टो शून्य किंवा अगदी किंचित आत. डाव्या-उजव्यात ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक नको. पुढचा कॅम्बर बॉनेटखाली स्ट्रटच्या वरच्या माउंटला लांबट भोकं आहेत, तिथून सरकतो. मागे कॅम बोल्ट (फिरवले की कोन बदलणारे बोल्ट) आहेत, ते गंजून धरलेले असतात, आदल्या दिवशीच तेल सोडून ठेवा. कॅम्बर हलला की टो हलतोच, म्हणून आधी कॅम्बर, मग टो. आणि आधी मागचा, मग पुढचा, कारण गाडीची सरळ रेघ मागची चाकं ठरवतात.

मशीनवर घेताना हवा कंपनीच्या आकड्याइतकी हवी, टाकीत पेट्रोल हवं आणि ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्या वजनाइतकं काहीतरी हवं. मी मिठाची पोती ठेवतो. जॅकवरून उतरवल्यावर गाडी दोन-चार फूट पुढे-मागे ढकलू द्या. उतरवल्या-उतरवल्या चाकं फाकलेली असतात, त्या वेळचा आकडा खोटा. हे करायला कारागीर कंटाळत असेल, तर सरळ दुसरीकडे जा.

नंतरची परीक्षा घाटात नको. रविवारी कासला येणारी कुटुंबं त्याच रस्त्यावर असतात. मोकळ्या, बंदिस्त जागी बेताच्या वेगात गोल फेऱ्या मारा. आधी टायरच्या खांद्यावर खडूची आडवी रेघ ओढा. रेघ खांद्यावरून खाली बाजूच्या भिंतीपर्यंत पुसली गेली, तर कॅम्बर अजून कमी आहे किंवा हवा कमी आहे. महिन्याने टायरची नक्षी आत, मध्ये आणि बाहेर अशी तीन ठिकाणी मोजून वहीत लिहा. मागच्या टायरची आतली नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली असेल, तर कायद्याने तो टायर बाद आहे. तुमच्या फोटोवरून गेलेलीच दिसते. पावसाच्या आत ते दोन टायर आधी बदला, बाकीचं त्यानंतर.