भयपटाबद्दल लिहायला बसण्याआधी

सिनेमा संपला की लगेच ‘भारी’ किंवा ‘बकवास’ लिहू नकोस. एक रात्र जाऊ दे. सकाळी जे दृश्य अजून डोळ्यांसमोर असेल, तिथून सुरुवात कर. ‘भीती वाटली’ एवढ्यानं वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. ती कशानं वाटली ते सांग. अचानक आलेल्या आवाजानं दचकलास, की कॅमेरा रिकाम्या दारावर नको तितका वेळ रेंगाळला?

1974चा ‘द टेक्सास चेन सॉ मॅसकर’ घे. नावावरून रक्ताचे पाट वाहतील असं वाटतं. प्रत्यक्षात पडद्यावर रक्त फार थोडं आहे. करवतीची घरघर, किंकाळ्या, अंगावर येणारं ऊन, बाकीचं आपलंच मन भरून काढतं. मला हे दुसऱ्यांदा पाहताना उमगलं, म्हणून आवडलेला सिनेमा पुन्हा पाहा असं मी सगळ्यांना सांगतो.

इतरांच्या मताला घाबरू नकोस. दिग्दर्शक जॉन कार्पेंटरचा भयपट ‘द थिंग’ 1982मध्ये आला तेव्हा समीक्षकांनी झोडपला होता, तिकीटबारीवरही पडला. पुढे घरोघरी व्हिडिओवर पाहिला गेला आणि आज लोक त्याला डोक्यावर घेतात. कल्ट सिनेमे, म्हणजे वेड्या चाहत्यांनी जिवापाड जपलेले सिनेमे, बहुतेकदा असेच उशिरा उजाडतात.

शेवट मात्र फोडू नकोस. आणि शिफारस करताना समोरच्याला काय सोसवतं ते आधी विचार. प्राण्यांचे हाल किंवा लैंगिक हिंसा असेल तर पहिल्याच ओळीत सांगून टाक.